एकाच देशात भाव वेगळे आणि दुकानातला मालही वेगळा, असं का होतं?

कानाकोपरा (धागाकर्ती):
बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय म्हणून धागा काढतेय. देश एक, चलन एक, कंपनी एक, तरी एका भागात वस्तू स्वस्त आणि दुसऱ्या भागात महाग, हे आपण सगळेच बघतो. पण यावर बोलणं सुरू झालं की गाडी भावावरच अडते, तिकडे एवढ्याला मिळतं आणि इकडे एवढ्याला, झालं. माझं म्हणणं असं आहे की भावातला फरक ही अर्धीच गोष्ट. दुकानात काय मिळतच नाही हा त्याहून मोठा फरक आहे आणि तो कुठल्याच पावतीवर दिसत नाही.

बुटांचंच घ्या. मोठ्या शहरातल्या दुकानात एका मॉडेलचे सगळे साईज असतात, तीन-चार रंग असतात. दूरच्या भागातल्या दुकानात तोच ब्रँड, तेच मॉडेल, खोक्यावर किंमतही तीच, पण साईज मधलेच. ज्याचा पाय खूप लहान किंवा खूप मोठा त्याला दुकानदार म्हणणार मागवून देतो, मग ऍडव्हान्स द्या, वाट बघा, आला की घालून बघा, चावला तर परत पाठवायचं भाडं तुमच्या डोक्यावर. शेवटी बरेच लोक एक साईज मोठा घेऊन पुढे कापूस कोंबतात आणि तसेच वर्षभर चालतात. आता भावांची पाहणी करायला कोणी आलं तर तो लिहून जाणार की दोन्हीकडे किंमत सारखी. कागदावर बरोबरच आहे ते, पण त्या माणसाला बूट सारख्या किमतीत मिळाला असं मी तरी म्हणणार नाही.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हा फरक नुसत्या वाहतुकीमुळे पडतो की अजून काही कारणं आहेत? आणि सरकारने सगळीकडे एकच भाव अशी सक्ती केली तर दूरच्या लोकांचं भलं होईल का? धंद्यातले लोक असतील त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

घाऊक:
होलसेलमध्ये बरीच वर्षं आहे त्यामुळे बुटांचं नक्की सांगू शकतो. माल सुट्टा येत नाही ताई, सेटमध्ये येतो. एका पेटीत मधल्या साईजचे जोड जास्त आणि दोन्ही टोकांचे एखाददुसरे. छोट्या दुकानातला टोकाचा जोड विकला गेला की तेवढा एकच भरून आणता येत नाही, अख्खा सेट उचलावा लागतो आणि मग मधल्या साईजचे जोड पडून राहतात. शहरात एकाच मालकाची चार-पाच दुकानं असतात, या दुकानात नसेल तर त्या दुकानातून पोराला पाठवून मागवतात, गिऱ्हाईक चहा पिईपर्यंत जोड हजर. एकट्या दुकानदाराला हे जमत नाही, त्यामुळे तो टोकाचे साईज ठेवायचेच बंद करतो. त्याला दोष देऊ नका, डेड स्टॉक कसा जीव घेतो ते आम्ही बघतो.

दुसरं म्हणजे पैसा फिरण्याचा वेग. शहरातल्या दुकानात माल आला की काही दिवसात जातो, तेच भांडवल वर्षातून पुष्कळ वेळा फिरतं, म्हणून कमी मार्जिनवरही भागतं. दूरच्या दुकानात तोच माल महिनोन्‌महिने फळीवर असतो, पैसा अडकलेला, त्यावर व्याज चालू, वरून एक्सपायरीची भीती. मग तो मार्जिन जास्त लावणार नाही तर काय करणार, आणि लावलं की लोक म्हणतात लुटतोय.

वाहतुकीबद्दल एक गैरसमज असतो तोही सांगतो. लोकांना वाटतं जितके किलोमीटर तितकं भाडं. तसं नसतं, परतीचा माल बघितला जातो. ज्या भागातून बाहेर पाठवायला काही आहे, कारखाना आहे, बागायत आहे, तिथे जाणारा ट्रक येताना भरून येतो त्यामुळे जातानाचं भाडं कमी बसतं. ज्या भागातून काहीच निघत नाही तिथला ट्रक रिकामा येतो आणि तो रिकाम्या फेरीचा डिझेलचा खर्च जातानाच वसूल करतो. दोन गावं सारख्याच अंतरावर असली तरी एकाला भाडं जड जातं ते यामुळे. घाटाचा रस्ता असेल तर वेगळंच, तिथे गाडी कमी भरावी लागते.

आणि वस्तू कोणती हेही बघा. सिमेंट, विटा, खत, बाटलीबंद पाणी असल्या जड आणि त्या मानाने स्वस्त वस्तूंचा भाव जागेप्रमाणे खूप बदलतो कारण वजनाच्या हिशोबात भाडंच मोठं असतं. मोबाईल, घड्याळ, औषधाच्या गोळ्या खिशात मावतात, त्यांच्या किमतीत भाड्याचा वाटा नगण्य.

मोजपट्टी:
घाऊक यांचा प्रतिसाद आवडला, सेटचं मला माहीतच नव्हतं. मी थोडं अभ्यासाच्या बाजूने लिहिते.

धागाकर्तीने जे म्हटलंय, की न मिळणं हीसुद्धा किंमतच आहे, ते अर्थशास्त्रात मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या जेसी हँडबरी आणि डेव्हिड वाइनस्टीन या दोघांनी वेगवेगळ्या शहरांतल्या घरगुती खरेदीचे बारकोडवरचे आकडे घेतले आणि २०१५ मध्ये त्यावर लिहिलं. सरसकट सरासरी काढली तर मोठी शहरं महाग दिसतात. पण तोच बारकोड, त्याच प्रकारचं दुकान अशी बरोबरीची तुलना केली की तो महागपणा जवळजवळ विरघळतो, कारण शहरातले लोक मुळात भारी वस्तू भारी दुकानातून घेत असतात. आणि पुढे मोठ्या शहरात कितीतरी जास्त प्रकार मिळतात हे हिशोबात धरलं की मोठं शहरच स्वस्त ठरतं! म्हणजे आपण इतकी वर्षं शहर महाग शहर महाग म्हणतो ते किराणा-वाणसामानाच्या बाबतीत उलटं निघू शकतं. घरभाड्याचं सोडा, ते शहरात महागच आणि प्रदेशाप्रदेशातल्या राहणीखर्चाच्या फरकात सगळ्यात मोठा वाटा त्याचाच असतो.

दुसरा एक अभ्यास स्टेफानो डेलाविन्या आणि मॅथ्यू गेंट्झको यांचा, २०१९ चा, तोही अमेरिकेतल्या साखळी दुकानांवर. त्यात असं दिसलं की बहुतेक साखळ्या आपल्या सगळ्या शाखांत जवळपास एकच भाव लावतात, भाग श्रीमंत असो की गरीब. प्रत्येक शाखेचा भाव वेगळा ठरवला तर त्यांना जास्त नफा मिळाला असता तरी ते तसं करत नाहीत. ऐकायला न्याय्य वाटतं पण परिणाम बघा, गरीब भागाला परवडेल असा भाव तिथे वेगळा लागत नाही, श्रीमंत भागात चालणारा भावच त्यांनाही भरावा लागतो.

आणि दुकानात काय असतं काय नसतं यावर वॉल्टर ख्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ मध्येच मांडणी केली होती, दक्षिण जर्मनीतली गावं-शहरं अभ्यासून. कुठलीही वस्तू विकायला किमान इतकं गिऱ्हाईक आजूबाजूला असलं पाहिजे आणि त्या वस्तूसाठी माणूस किती लांब जायला तयार आहे यालाही मर्यादा असते, या दोन गोष्टींवर कुठल्या गावात काय मिळणार ते ठरतं. साबण सगळीकडे मिळतो. श्रवणयंत्र किंवा पियानो मोठ्या शहरातच, कारण वस्तीतल्या फार थोड्या लोकांना ते लागतं.

सरळवाट:
सगळं पटतंय पण एक बाजू कोणी मांडतच नाहीये. दूरच्या भागात जागा स्वस्त, केस कापणं स्वस्त, सुतार-प्लंबर स्वस्त, डॉक्टरची फी कमी. या गोष्टी ट्रकमध्ये घालून दुसरीकडे नेता येत नाहीत म्हणून त्यांचे भाव तिथल्या मजुरीवर ठरतात. मग वस्तू थोड्या महाग मिळाल्या तर एकूण हिशोब बरोबरीतच आला ना? शहरातला माणूस पगारातला केवढा मोठा घास घरभाड्याला देतो ते पण बघा की. प्रत्येक ठिकाणी सगळंच मिळालं पाहिजे हा हट्ट मला पटत नाही.

कानाकोपरा:
सरळवाट, मुद्दा रास्त आहे आणि सेवा स्वस्त असतात हे खरंच. पण बरोबरीत येतं हे मान्य नाही. ज्याचं स्वतःचं घर आहे त्याला भाडं कमी असल्याचा काय उपयोग? आणि सेवा स्वस्त आहेत याचाच अर्थ तिथल्या लोकांची मजुरी कमी आहे, तो प्लंबरही तिथेच खरेदी करतो ना. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच दाखवलं होतं की घर जितकं गरीब तितका खर्चातला खाण्यापिण्याचा वाटा मोठा. म्हणजे कमाई कमी, त्यातला मोठा हिस्सा वस्तूंवर जाणार आणि नेमक्या वस्तूच तिथे महाग किंवा गायब. हा हिशोब सरासरीत बरोबरीत दिसेल पण घराघरात नाही.

आणि सगळंच मिळालं पाहिजे असं मी म्हणतच नाहीये. पियानो नको. पण चष्म्याची काच, बाळाच्या दुधाची बाटली, कुकरची रिंग, पंपाचा वॉशर, असल्या बारीक गोष्टींसाठी एक दिवसाची मजुरी बुडवून लांब जावं लागतं तेव्हा त्या वॉशरची खरी किंमत किती झाली?

दूरदेशी:
+१. वॉशरचं अगदी खरं.

टोकाचं उदाहरण बघायचं तर कॅनडाचा उत्तर भाग, नुनावुत. तिथल्या वस्त्या रस्त्याने एकमेकांना जोडलेल्या नाहीत आणि उरलेल्या देशालाही नाहीत. माल एकतर विमानाने येतो किंवा उन्हाळ्यात समुद्रावरचं बर्फ हटलं की जहाजाने. जहाजाचं भाडं विमानापेक्षा खूप कमी. त्यामुळे ज्या कुटुंबाकडे आधीच हातात पैसा आहे आणि घरात साठवायला कोरडी जागा आहे ते वर्षभराचं पीठ, डायपर, साबण, कागदी सामान एकदमच जहाजाने मागवून ठेवतात. ज्यांच्याकडे एकदम द्यायला पैसे नाहीत ते वर्षभर दुकानातून थोडं थोडं घेतात आणि त्यांना तेच सामान महाग पडतं. म्हणजे एकाच वस्तीत, एकाच गल्लीत दोन भाव, आणि ज्याची ऐपत कमी त्याला चढा भाव. या धाग्यात प्रदेशाप्रदेशांतल्या फरकाबद्दल बोलतोय पण हा आतला फरकही विसरू नये.

तिथे सरकारने २०११ पासून एक अनुदान योजना चालू केली, न्यूट्रिशन नॉर्थ नावाची. अनुदान दुकानदार आणि पुरवठादारांना मिळतं आणि त्यांनी ते भावात उतरवायचं अशी रचना आहे. २०१४ मध्ये तिथल्या महालेखापरीक्षकांनी ठपका ठेवला की दुकानदार पूर्ण अनुदान गिऱ्हाईकापर्यंत पोचवतात का हे खात्याने पडताळलेलंच नाही. जिथे गावात एकच दुकान आहे तिथे ही शंका येणारच.

कायद्यामुळे पण फरक पडतो. अमेरिकेत १९२० चा जोन्स ऍक्ट आहे, त्याप्रमाणे देशातल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज तिथेच बांधलेलं, तिथल्याच मालकीचं आणि मुख्यतः तिथल्याच खलाशांचं लागतं. अशी जहाजं महाग पडतात. मुख्य भूमीवर ट्रक आणि रेल्वे आहे म्हणून फारसं जाणवत नाही, पण हवाई आणि पोर्तो रिको बेटांवर हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

टपालपेटी:
मी कुरिअर-पार्सलच्या बाजूचं लिहितो कारण आता अर्धी खरेदी तिकडूनच होते.

लोकांना वाटतं ऑनलाइन आलं आणि हा प्रश्न मिटला. काही प्रमाणात मिटला, हे मान्यच केलं पाहिजे, आणि ते पहिल्यांदा झालं असंही नाही. अमेरिकेत १८७२ पासून कॅटलॉगवरून टपालाने माल मागवायची पद्धत सुरू झाली, १८९६ मध्ये खेड्यात घरपोच टपाल द्यायला सुरुवात झाली, १९१३ मध्ये सरकारी पार्सलसेवा आली आणि लांबच्या शेतावरच्या माणसाला शहरातला माल छापील भावात मागवता येऊ लागला. गावातल्या दुकानदारांनी तेव्हाही जोरदार विरोध केला होता.

पण एकच दर ठेवायचा की नाही हे कोणी ठरवलं यावर सगळं अवलंबून असतं. ब्रिटनमध्ये १८४० पासून पत्राला देशभर एकच दर आहे, अंतर कितीही असो, कारण ते धोरण म्हणूनच ठरवलं. त्याच ब्रिटनमध्ये आज स्कॉटलंडच्या हायलँड्स भागातले लोक तक्रार करतात की खाजगी विक्रेते त्यांच्या पिनकोडला जादा डिलिव्हरी चार्ज लावतात किंवा पाठवतच नाहीत, आणि त्यातले कित्येक बेटांवर नाही तर चांगल्या रस्त्याला लागून मुख्य भूमीवर राहतात. पिनकोडच्या पहिल्या दोन अक्षरांवर सगळा निर्णय.

वेबसाइटवरचा भावही सगळ्यांना सारखा दिसतो असं समजू नका. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या पत्रकारांनी शोधून काढलं होतं की स्टेशनरी विकणारी एक मोठी साखळी आपल्या वेबसाइटवर गिऱ्हाईक कुठे बसलंय याचा अंदाज घेऊन भाव दाखवते, आणि जवळपास प्रतिस्पर्ध्याचं दुकान असेल तर कमी भाव दाखवायचा कल दिसत होता. आडभागातल्या माणसाला आसपास दुसरं दुकानच नाही, मग त्याला सूट कशाला द्या.

घाऊक:
हेच मूळ आहे, स्पर्धा. एका बाजारात तीन दुकानं झाली की भाव आपोआप खाली येतो, वाहतूक तीच असली तरी. आम्ही तिसरं दुकान उघडताना बघतो तेव्हा पहिल्या दोघांचे फोन येतात रेट कमी करून द्या म्हणून.

मोजपट्टी:
आता धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, सक्तीचा एकच भाव. दोन उदाहरणं देते, परिणाम अगदी वेगळे आहेत.

फ्रान्समध्ये १९८१ च्या कायद्याने नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि दुकानदाराला जास्तीत जास्त ५ टक्के सूट देता येते, पॅरिस असो की छोटं गाव. हेतू असा की मोठ्या दुकानांनी गाजलेली पुस्तकं पाडून विकली की छोटी दुकानं बसतात, आणि ती बसली की कमी खपाची पुस्तकं ठेवणारं कोणी उरत नाही. म्हणजे भाव बांधला तो निवड टिकवण्यासाठी. पुढे ऑनलाइन विक्रेते फुकट घरपोच देऊन तोच कायदा वळसा घालून टाळायला लागले म्हणून २०२३ पासून छोट्या ऑर्डरला किमान डिलिव्हरी चार्जही सक्तीचा केला. पण त्यामुळे ज्यांच्या जवळ दुकानच नाही त्यांना तोच चार्ज जाचतो, ही तक्रारही आहे.

दुसरं उदाहरण भारताचं, भाडे समानीकरण. १९५० च्या दशकात सुरू झालं आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गुंडाळलं. पोलाद, सिमेंटसारखा माल देशात कुठेही नेला तरी कारखान्याला सारख्याच भावात पडावा अशी योजना. हेतू चांगला होता, सगळीकडे उद्योग वाढावेत. पण झालं असं की बिहार, बंगाल, ओडिशा या खनिजांजवळच्या भागांचा जवळ असण्याचा फायदाच गेला आणि कारखाने किनाऱ्याजवळ, मोठ्या बाजारांजवळ, पश्चिमेला आणि दक्षिणेला वाढले. शिवाय पश्चिमेकडच्या कापसाला असं समानीकरण नव्हतं, त्यामुळे पूर्वेकडच्यांना त्याच्या बदल्यात काही मिळालं नाही. ज्याच्या अंगणात खाण होती तोच मागे राहिला.

म्हणून माझं मत असं की एकच भाव ही सक्ती तेव्हाच चालते जेव्हा वाहतुकीचा खर्च कोण भरणार हे उघड सांगितलेलं असतं. नाहीतर तो दुसऱ्याच कोणाच्या तरी खिशातून जातो, किंवा दुकानदार माल पाठवायचंच बंद करतो. भाव बांधलेला आहे आणि फळी रिकामी आहे ही अवस्था तर सगळ्यात वाईट.

सरळवाट:
शेवटचं वाक्य पटलं. मी सक्तीच्या विरोधातच होतो पण माझं कारण वेगळं होतं. फ्रान्सचं माहीत नव्हतं, तिथे सक्ती असून निवड टिकावी म्हणून होती हे विचार करायला लावणारं आहे. घराघरातल्या हिशोबाचा कानाकोपरा यांचा मुद्दाही मान्य.

मग पुढे काय करता येईल? इथे वेगवेगळ्या भागांतले लोक आहेत, आपणच यादी करून भाव लिहिले तर? पण तुलना नीट कशी करायची?

मोजपट्टी:
नुसती नावं लिहून उपयोग नाही. मॉडेल नंबर पाहिजे, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या भागांत वेगळं व्हर्जन विकतात, पॅकचं वजनही वेगळं असतं. म्हणून भाव किलोमागे, लिटरमागे किंवा नगामागे लिहा. टॅक्स धरून की सोडून तेही लिहा, अमेरिकेत लेबलवरच्या भावात विक्रीकर नसतो आणि तो राज्याप्रमाणे बदलतो, ओरेगनमध्ये तर नाहीच, त्यामुळे लेबल बघून तुलना केली तर सगळं चुकतं. डिलिव्हरीचा आणि परत पाठवायचा खर्च वेगळा. आणि जी वस्तू मिळाली नाही ती ओळ खोडू नका! तिथे "मिळत नाही" असंच लिहा, सगळ्या पाहण्यांमध्ये नेमक्या याच ओळी गाळल्या जातात.

कानाकोपरा:
खूप छान, सगळ्यांचे आभार. मी शीट बनवते. वस्तू, मॉडेल नंबर, एककाचा भाव, टॅक्स, आणायचा खर्च, मिळत नाही, आणि मागवल्यावर किती दिवसांनी आली असे रकाने ठेवते. घाऊक, तुम्ही परतीच्या मालाबद्दल लिहिलंत ते रकान्यात कसं बसवायचं सांगाल का?

घाऊक:
तुमच्या भागातून बाहेर काय जातं एवढंच लिहा, हंगामासकट. भाडं हंगामात बदलतं, बागेचा माल निघायला लागला की ट्रकवाले स्वतःहून यायला बघतात आणि तेव्हा येणारा माल स्वस्त पडतो. त्यामुळे भावाबरोबर महिनाही लिहाच.

अजून एक रकाना वाढवा, दुरुस्तीचा. फ्रिज, वॉशिंग मशीन, पंप, शिलाई मशीन, असल्या वस्तू सारख्या भावात मिळाल्या तरी वॉरंटीत मेकॅनिक किती लांबून येतो आणि यायचे पैसे मागतो का, ते लिहायला सांगा. आमच्याकडचे लांबचे दुकानदार काही ब्रँड ठेवतच नाहीत, माल चांगला असूनही, कारण बिघडला की गिऱ्हाईक त्यांच्याच दारात येऊन उभं राहतं आणि सर्व्हिस सेंटरवाला आठ-पंधरा दिवस फिरकत नाही.